इमारतीखालची हातगाडी

नवी वसाहत,
४ जानेवारी

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तुम्ही दोघी सुखरूप पोहोचलात हे ड्रायव्हरकडून कळले. फोनवर मला अर्धेच ऐकू येते आणि उरलेले अर्धे मी मनाने वाईटच भरतो, म्हणून पत्र लिहितो. एकतीस वर्षे या बसवर कंडक्टर होतो, त्यामुळे पत्र सीटमागे ठेवून न्यायला अजून कोणी नाही म्हणत नाही. तू स्टॉपवर येऊन घेत जा.

हिचा चष्म्याचा डबा इथेच राहिला. जाड मोजेही राहिले. पायाच्या बोटाची जखम झाकायची की उघडी ठेवायची हे डॉक्टरांनी मला दोनदा सांगितले आणि घाबरल्यामुळे दोन्ही वेळा मी विसरलो. तू विचारून घे. साखर उतरली नाही तर बोट काढावे लागेल, हे मात्र विसरू म्हटले तरी विसरता येत नाही.

निघताना तू मला जिन्यात विचारलेस, की बायकोला पाकिटांवर जगवतोस का. ताई, ते मला फार लागले. जुन्या गल्लीतून उठवून आम्हाला इथे आणले, तेव्हा तळमजल्यावर भाजीचे अकरा गाळे होणार होते. सात वर्षे झाली, अकराही शटर खाली आहेत. सव्वादोनशे बिऱ्हाडांना एक दुकान. त्या दुकानदाराला सगळे पाकीटवालाच म्हणतात. बिस्किटे, नूडल्स, चिप्स, रंगीत सरबते आणि कोपऱ्यात कोंब फुटलेले बटाटे. भाजी ठेव म्हटले तर तो म्हणतो, काका, पाकीट सहा महिने माझी वाट बघते, भाजी दुपारपर्यंतसुद्धा थांबत नाही. बाजार म्हणजे तुझ्या दारातला, तो बसने पावणेदोन तासांवर. हिचे गुडघे तेवढे बसू देत नाहीत. तू मागे भाजीच्या पिशव्या ड्रायव्हरबरोबर पाठवायचीस, त्या वाटेत सडायच्या म्हणून बंद करायला सांगितल्या. आता यात माझा काय दोष?

तू खिडकीतून हाक मारलीस की भाजी वर येते. काहींचे नशीबच तसे. मी जळून म्हणत नाही, नुसते सांगतो.

तू महिना म्हणाली आहेस. महिना म्हणजे तीस दिवस, एकतीस नव्हेत. ती माझी आठवण काढते का, ते तिला न कळता बघून कळव.

माया आहे तेवढी राहू दे, वाढली तर हरकत नाही.
तुझा
धाकटा


बाजाररस्ता,
९ जानेवारी

चि. धाकट्यास, अनेक उ. आ.

पत्र आणि मोजे मिळाले. डब्यात चष्मा नव्हताच, तो तिच्या डोळ्यांवर आहे. तू रिकामा डबा पाठवलास म्हणून आम्ही दोघी खूप हसलो. जखम झाकायची. मी तीस वर्षे वॉर्डात पट्ट्या बांधल्या, मला विचारायला डॉक्टर लागत नाही.

कडा कोरड्या पडायला लागल्या आहेत. साखरही उतरली आहे, अजून हवी तेवढी नाही. दोन्ही वेळा ताटात हिरवे असते आणि सकाळी ती माझ्या हाताला धरून बाजारातून एक फेरी मारते. पहिल्या दिवशी गाजरांच्या ढिगासमोर नुसती उभीच राहिली. मी विचारले तर म्हणाली, एवढी एका जागी बघून किती वर्षे झाली.

आता तुला एक बातमी देते, बसून वाच. आमच्या जिन्यासमोर एक भाजीवाला बसतो, मिशा अशा की दोन्ही टोकांना लिंबे अडकवावीत. तुझ्या बायकोवर त्याची फार मर्जी बसली आहे. कोवळ्या शेंगा तिच्यासाठी फडक्याखाली झाकून ठेवतो. मी वीस वर्षांचे गिऱ्हाईक, मला वरवरच्या राठ देतो. ती त्याच्याशी शेंगांविषयी अर्धा अर्धा तास बोलते आणि तो ऐकतो. तू कधी ऐकले होतेस?

तुझी आठवण काढते का म्हणून विचारलेस. काल म्हणाली, की ते मिठाचा डबा शोधत असतील. याला आठवण म्हणायचे की नाही ते तू ठरव.

खोकला जपावा, आणि बहिणीवर रागवायचे असेल तर पोटभर जेवून रागवावे.
तुझी
ताई


नवी वसाहत,
१३ जानेवारी

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

मिठाचा डबा मला पहिल्याच दिवशी सापडला. तिला सांग.

मिश्यांचे मला काही वाटत नाही. माणसाने भाजी विकावी, मिशी वाढवावी, आपल्याला काय करायचे? फक्त फडक्याखाली भाजी झाकून ठेवणाऱ्याचा हेतू काय असतो, ते एकदा तपासावे. मी एकतीस वर्षे गर्दीतली माणसे पाहिली आहेत. गोड बोलणारे उतारू बहुधा बिनतिकिटाचे निघत. शेंगांविषयी अर्धा तास बोलण्यासारखे काय असते? आमच्या लग्नाला चव्वेचाळीस वर्षे झाली, माझ्याशी ती शेंगांविषयी कधी बोलली नाही.

आता तुझ्या बाजाराचे कौतुक पुरे, कारण इथेही सोय झाली आहे. सोमवारपासून आमच्या इमारतीखाली भाजीची हातगाडी येते. खरेच येते. पालक तर असा की पानावर पाणी ठरत नाही. टोमॅटो, गाजरे, कोबी, सगळे असते. गाडीवाला म्हातारा आहे, दात नाहीत, मिशी तर मुळीच नाही. सगळ्या बायका पिशव्या घेऊन खाली उतरतात आणि मला विचारतात, काकी कधी येणार. पाकीटवाल्याचे तोंड उतरले आहे.

तेव्हा आता तिला तिथे ठेवण्याचे कारण उरले नाही. महिना पुरा व्हायची वाट बघू नये. रविवारच्या बसने पाठव. पट्टी मी बांधीन. झाकायची असते हे आता मला माहीत आहे.

घरात एकट्याचा चहा करताना दोन कप काढले जातात. हे तिला सांगू नकोस.

तुझा लोभ हवाच, पण माझी माणसे मला परत हवीत.
तुझा
धाकटा


बाजाररस्ता,
१६ जानेवारी

अहो, सा. न. वि. वि.

ताईंना लिहिलेले तुमचे पत्र त्यांनी मला वाचायला दिले. त्यांच्यावर रागवू नका, मीच हट्ट धरला.

इमारतीखाली गाडी येते हे वाचून फार बरे वाटले. सात वर्षे मी त्या शटरांकडे बघत जिना उतरले. माझे बोट आता दुखत नाही, पण भोक अजून भरायचे आहे. ताई म्हणतात दोन महिने तरी लागतील. तिथे रोज हिरवे मिळत असेल तर मी आले काय आणि इथे राहिले काय, सारखेच.

फक्त एक करा. गाडीवरच्या त्या पालकाची एक जुडी उद्या ड्रायव्हरच्या हाती पाठवा. पाने मला डोळ्यांनी बघायची आहेत. ती बघितली की रविवारी निघते.

गॅसची कळ फिरवली की दोनदा बघत जा. बाकी तुम्ही शहाणे आहात, असे मी इथे सगळ्यांना सांगते.
आपली
घरची


बाजाररस्ता,
१८ जानेवारी

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

काल दुपारी ड्रायव्हरने स्टॉपवर माझ्या हातात पालक ठेवला आणि तोंड फिरवून हसायला लागला. जुडी टवटवीत होती. पावणेदोन तासांचा प्रवास केलेली जुडी इतकी टवटवीत कशी, म्हणून मी तिला उलटी केली. देठांना सायकलच्या जुन्या ट्यूबची कापलेली चकती लावलेली होती. अरे शहाण्या, या अख्ख्या बाजारात ट्यूबच्या चकत्यांनी जुड्या बांधणारा एकच माणूस आहे, आणि त्याच्या मिशांचे वर्णन मी तुला आधीच कळवले होते.

आम्ही खाली जाऊन त्याला विचारले. त्याने सगळे सांगितले. म्हणाला, एक काका आले, खांद्याला कंडक्टरची जुनी चामड्याची पिशवी, सहा जुड्या घेतल्या, भाव केला नाही. मग विचारले, की कोवळ्या शेंगा कोणासाठी झाकल्या आहेत. तो म्हणाला, वरच्या आजींसाठी, त्या माझ्या आईसारखे बारीक निवडतात. त्यावर काका समोरच्या शिंप्याच्या पायरीवर जाऊन बराच वेळ वर बघत उभे राहिले.

तिथपर्यंत आम्ही दोघी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होतो. त्यानंतर तुझी बायको हसायची थांबली. वर आली, पाय स्टुलावर ठेवून बसली आणि म्हणाली, चाळीस पावलांवर होते आणि वर आले नाहीत. जेवताना पुन्हा तेच म्हणाली. रात्रीच्या आत तिने पिशवी भरून ठेवली. रविवारी मी जाते म्हणते, गाडी असो वा नसो. मी बोटाचे सांगून पाहिले. ऐकत नाही.

आता तूच काय ते ठरव. मी तुला लहानपणी पुष्कळ मारले आहे, आज मारावेसे वाटत नाही.

जीव सांभाळून असावे.
तुझी
ताई


नवी वसाहत,
१९ जानेवारी

प्रिय, हा शब्द लिहून खोडला आणि पुन्हा लिहिला. चव्वेचाळीस वर्षांत तुला पत्र लिहायची वेळ आली नाही, म्हणून आशीर्वाद लिहावे की नमस्कार तेही कळत नाही. माझे शिक्षण चौथीपर्यंतचे, ते तुला माहीत आहे. दोन्ही घे.

तू रविवारी येऊ नकोस.

गाडी येत नाही. कधीच आली नव्हती. तो बिनदाताचा म्हातारा मी बसल्या बसल्या तयार केला. पालक तिथूनच घेतला आणि तिथेच ड्रायव्हरच्या हातात दिला, एवढी अक्कल.

वर का आलो नाही ते सांगतो. तू खिडकीत उन्हात बसली होतीस, पाय वर घेऊन. ताई वाटाणे सोलत होती आणि तू काहीतरी सांगून तिला हसवत होतीस. तू माणसाला असे हसवू शकतेस, हे मला आठवत नव्हते. इथे सात वर्षे आपण पाकिटातले गरम पाण्यात भिजवून खाल्ले आणि गप्प झोपलो. मला वाटले, मी वर गेलो तर तू पाय खाली घेशील आणि पिशवी भरायला उठशील. म्हणून उभा राहिलो आणि निघालो. मला राग त्या मिशीवाल्याचा नव्हता. मला त्या खिडकीचाच हेवा वाटला.

आणखी एक आहे. ते ताईला तूच सांग, मला धीर होत नाही. तिने पाठवलेल्या पिशव्या कधीच सडल्या नव्हत्या. दर वेळी पिशवी उघडली की तू म्हणायचीस, ताईंचे हात सोन्याचे. पहिल्या घासाला ताई, शेवटच्या घासाला ताई. घरात आणून घालणारा मी, आणि नाव तिचे. म्हणून मी तिला खोटे लिहिले आणि पिशव्या बंद केल्या. त्यानंतर दीड वर्षात तुझी साखर चढली. डॉक्टर बोट काढायचे म्हणाले तेव्हा मी जखमेविषयी काही विसरलो नव्हतो. मला माझी करणी आठवत होती आणि कानात दुसरे काही शिरत नव्हते.

उरलेल्या पाच जुड्यांचे ऐक. बसमधून उतरलो तर आपल्या जिन्यातल्या बायकांनी मला घेरले. दुसऱ्या मजल्यावरच्या शिवणकामवालीने एक जुडी हातातून काढूनच घेतली आणि नाकाला लावून वास घेत राहिली. तिच्या धाकटीने विचारले, हे कच्चे खायचे असते का. पाच जुड्या पाच घरांत गेल्या, मला एक पान उरले नाही. आज सकाळी दाराच्या कडीला तीन रिकाम्या पिशव्या अडकवलेल्या होत्या, आत चिठ्ठ्या. मला शेंग कोवळी की राठ ते कळत नाही. ते तुला निवडून द्यावे लागेल, तुझ्या त्या मिशीवाल्याकडे उभे राहून. मी जवळ उभा राहीन. काही बोलणार नाही, नुसता उभा राहीन.

बोट भरेपर्यंत तिथेच राहायचे. दोन महिने लागोत, चार लागोत. मी दिवस मोजणार नाही, असे लिहितो आहे आणि मोजणार आहे. पण माझ्यासाठी पिशवी भरायची नाही. भरलेली असेल तर आजच रिकामी कर आणि ताईला ती बघू दे, म्हणजे तिचा विश्वास बसेल.

गुरुवारी पहिल्या बसने येतो. या वेळी वर येतो. मी दारात दिसलो तरी पाय खाली घ्यायचा नाही.

तुझ्यावर हक्क सांगायचा राहून गेला तर रागावू नये,
तुझाच