एका पोत्याचे दोन अहवाल

सिविल लाइन्स, झाशी
२१ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. ऐश्वर्यास,

आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. केयूरभाऊजींचा खोकला अजून असेल तर मध चाटणं पुरे, डॉक्टरकडे जा म्हणावं. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे लिहून आजच हातोहात पाठवते आहे.

मंडळाच्या दिवाळी फराळाला मी तुझ्या प्रयोगशाळेबद्दल काय बोलले, ते तुला कळलंच आहे. एकाच पोत्यातली शेंगदाणा पेंड मी दोन नावांनी तुझ्याकडे तपासायला पाठवली होती. एक अहवाल स्वच्छ आला, दुसऱ्यात बुरशीचं विष मर्यादेच्या चौपट. दोन्ही कागद सगळ्यांपुढे धरून मी म्हटलं, "ही बघा साडेतीनशे रुपयांतली तपासणी!" बायका हसल्या. त्यांतल्या विमलाबाईंनी दोन दिवसांत ते ओरछा गेटपर्यंत पोचवलं आणि गोठेवाले तुझ्याकडे यायचे थांबले.

तू विचारलंस, "वहिनी, नमुना नीट मिसळला होता ना?" मी म्हटलं, "मला शिकवू नकोस."

मिसळायचं विसरले, असं लिहायचं ठरवून मी हे पत्र सुरू केलं. विसरले नव्हते. पोत्यात दहा ठिकाणी हात घालायचा, सगळं दळून एकत्र करायचं आणि मग नमुना घ्यायचा, कारण विष एखाद्याच कोपऱ्यात साठतं. एम.एस्सी.ला हेच शिकले होते. पोत्याच्या तळाशी मला ओलसर, हिरवट गठ्ठा दिसला. एक मूठ त्यातली घेतली, एक वरची. मुद्दाम.

तुझे दोन्ही अहवाल बरोबर होते.

मला कॉलेजात नोकरी मिळत होती, तेव्हा नानासाहेब म्हणाले, "आपल्या घरच्या सुना नोकरी करत नाहीत." मी ऐकलं. तू बी.कॉम., सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेतलंस, आणि त्याच सासऱ्यांनी तुला खालची खोली रिकामी करून दिली. वर पांढरा कोटही स्वतः आणला!

पण न तपासलेली पेंड गाईने खाल्ली की विष दुधात उतरतं. बबिना रोडच्या रामकृष्णचं दूध आमच्या शेजारच्या ईशानीच्या बाळाला जातं. आज सकाळी त्याच्या गोठ्यावर जाऊन सगळं सांगितलं.

"तो माताजी, गड़बड़ मशीन की नहीं थी?"

"नहीं. मेरी थी."

"अरे, गलती तो सबसे होती है."

"गलती नहीं भैया, जान-बूझकर किया."

तो धार काढायचा थांबला. मग उठून पेंडीचं पोतं बाजूला काढलं. उद्या तो पेंड घेऊन येईल, तपासून दे. बाकीच्या गोठ्यांवर परवा जाते.

रविवारी मंडळात उभी राहून हेच बोलेन. तू येऊ नकोस, तुझ्यासमोर मला जमणार नाही.

हेवा गेलेला नाही. काल तुझ्या दारावरून गेले. आत कोणी नव्हतं, आणि मला क्षणभर बरं वाटलं. हेही लिहिते, म्हणजे वरच्या मजकुरावर तुझा विश्वास बसेल.

तुझ्यावर जळणारी,
सिंधूवहिनी