दोन तासांचं आत्मपरीक्षण

प्रिय चष्मिस,

फोनवर बोलायला गेले की तू माझी समजूत घालत बसतेस, म्हणून लिहितेय. मला सगळ्याची शिसारी आली आहे, आणि त्यात पहिला नंबर माझा आहे.

समाजसेविका म्हणून नोंदणी टिकवायची तर दर दोन वर्षांनी आपल्याला प्रशिक्षणाचे तीस तास भरून दाखवावे लागतात. पूर्वी आपण दोघी खरंच शिकायला जायचो. कुणाच्या घरात शिरलात की आधी ओटा बघा, चूल पेटली होती का ते कळतं, असं शिकवणाऱ्या त्या जाड्या बाई सांगायच्या, ते मला अजून उपयोगी पडतं. आता नुसतं संगणकासमोर बसायचं. व्हिडिओ पुढे ढकलता येत नाही, आणि दर दहा मिनिटांनी ‘आपण उपस्थित आहात का?’ अशी चौकट येते, ती दाबायची. मधल्या वेळात मी नखं कापते, तू स्वेटर विणतेस, आणि वर आपण त्यावर खिदळतो.

या वेळी माझे सहा तास राहिले होते आणि मुदत बुधवारची. मंगळवारी शिवणवाल्या आजींकडे जायचं ठरलं होतं. तिसऱ्या मजल्यावर एकट्याच राहतात, आठवड्यातून एकदा मी जाते. ती भेट मी गुरुवारवर ढकलली. मंगळवारी दुपारच्या सुट्टीत तसं कळवायला फोन केला, त्यांनी उचलला नाही. झोपल्या असतील म्हटलं आणि पुन्हा येऊन बसले. विषय काय होता सांगू? एकट्या राहणाऱ्या वृद्धांची सुरक्षितता. शेवटी चाचणीत प्रश्न आला, वृद्ध व्यक्ती फोन उचलत नसेल तर काय कराल? ‘त्वरित घरी जाऊन खात्री करेन’ यावर मी खूण केली. पैकीच्या पैकी गुण मिळाले. प्रमाणपत्र छापून घेतलं आणि घरी गेले.

गुरुवारी शेजारणीकडच्या किल्लीने दार उघडलं. आजी मंगळवार सकाळपासून न्हाणीघरात पडून होत्या. खुब्याचं हाड मोडलेलं, ओठ सुकून फुटलेले, पण शुद्धीवर होत्या. माझा हात धरून म्हणाल्या, आज मंगळवार ना, मला ठाऊक होतं तू येशील. मी रुग्णवाहिका बोलावली. आता त्या कधीच घरी परतणार नाहीत, शिलाई मशीनसुद्धा शेजारीण घेऊन गेली.

चौकशी झाली. भेट पुढे ढकलायला प्रशिक्षण हे मान्य कारण आहे, म्हणून माझ्यावर ठपका नाही. उलट साहेबांनी सुचवलं, या घटनेवर पानभर आत्मपरीक्षण लिहून द्या, त्याचे दोन तास मिळतात. पडल्या आजी, आणि तास माझ्या खात्यात! तरी मी लिहिलं गं. ‘या अनुभवातून माझी संवेदनशीलता वाढली’ हे वाक्य माझंच आहे. त्या दुपारच्या फोनबद्दल त्यात एक अक्षर नाही. चौकशीतही मी तो गिळला.

या पानावर, मी खरोखर काही शिकले याची साक्ष म्हणून, एका सहकाऱ्याची सही लागते. तू म्हणालीस, पाठवून दे, डोळे झाकून करते. पान सोबत आहे. सही करू नकोस. शेऱ्याच्या जागी तो फोन लिही आणि पान थेट नोंदणी कार्यालयाला पाठव. नोंदणी गेली तर जाऊ दे. मी स्वतः तीनदा लिहायला बसले आणि तीनदा उठले, माझ्याच्याने होत नाही.

तुझीच,
भांडकुदळ