खडकावरचा तांबडा ठिपका

मेढा, शुक्रवार, मार्च १९४४

चूक माझीच. खुणेला तांबडाच रंग का घेतला मी?

गेल्या महिन्यात खडकांचा नकाशा करताना कोंडाबाईंच्या शेतात एक भेग सापडली. ओढ्याकाठी तांबड्या मातीचा थर मध्येच तुटून हातभर खाली सरकलाय, तीच भेग वर शेतातून जाते. भेगेत पाणी असणार. घरी कोणी नव्हतं, म्हणून दगडावर तांबडा ठिपका काढला आणि 'विहीर इथे खणा' असा निरोप पाटलांकडे ठेवला. तो पोचलाच नाही.

आज बघतो तर त्या दगडाला शेंदूर, वर जास्वंद, पुढे नारळ. आणि देवाला धक्का नको म्हणून विहीर खणताहेत वीस हात पलीकडे, अखंड काळ्या पाषाणात; पाण्याचा थेंब नाही!

"आवं सायेब, द्येव परगट झालाय," कोंडाबाई म्हणाल्या. "आपसूक टिळा उमटला बगा. पोरगं लढाईवर हाय, चार म्हैनं पत्तर न्हवतं. टिळा दिसला आन् तिसऱ्या दिशी पत्तर आलं."

खरं सांगायला तोंड उघडलं होतं. पण बाईंनी त्या दगडावरून हात फिरवला, पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा. काय सांगणार? टिळा सर्व्हेच्या रंगाच्या डब्यातला आहे म्हणून?

भेग लांब आहे, हे नशीब. तिच्याच रेघेने पन्नास पावलं वर गेलो. म्हटलं, "मावशी, इथे खणा. पाणी लागेल."

"द्येवानं सांगितलं व्हय तुमास्नी?"

"हो," म्हणालो, आणि खूण केली. या वेळी चुन्याने.