दोन भोकांच्या लॅपटॉपवरून जिस्मीचं लग्न

३ जानेवारी
पौलोसची रजा नामंजूर. पौलोस म्हणजे रोसिलीचा, माझ्या बायकोचा, धाकटा भाऊ. मस्कतला गोडाऊन सांभाळतो. जोडीदार काम सोडून पळाला, म्हणून मालक याला सोडत नाही. आणि वीस तारखेला इथे केरळात, चालकुडीत त्याच्या एकुलत्या एक मुलीचं, जिस्मीचं, लग्न. फोनवर रडत होता बिचारा. म्हणाला, अळिया, भावजी, बाकी काही नको, मंगळसूत्र बांधताना पोरीचं तोंड तेवढं दिसू दे. मी म्हटलं, मेहुण्या, तोंडच काय, पापण्या मोजशील. चर्चमधून लाइव्ह मी करतो.

५ जानेवारी
स्टुडिओवाल्या डेव्हिसला सांगून आलो की तू फोटो आणि अल्बम बघ, लाइव्ह माझ्याकडे. तो म्हणाला, चेट्टा, दादा, लाइव्हला माझी दोन माणसं लागतात. म्हटलं, तुला लागत असतील. मी जन्म काढला वीज खात्यात. रोसिली मागून म्हणाली, बिलं लिहिण्यात. हिला मध्ये तोंड घालायची सवयच आहे.

७ जानेवारी
लॅपटॉप नवा. पातळ, देखणा. भोकं दोनच. घेताना दुकानदार म्हणाला होता, आजकाल जास्त भोकं कोणी मागत नाही. मलाही पटलं होतं. आता जोडायचं काय काय, तर चार्जर, कॅमेरा, माइक, इंटरनेटची वायर, रेकॉर्डिंगची डिस्क, शिवाय माउस. गणित मांडलं. बसेना. चहा घेऊन पुन्हा मांडलं. तरी बसेना.
निर्णय : हब आणणे.

९ जानेवारी
हब आणला. एक भोक घेतो, चार देतो! इतका उदार नातेवाईक आमच्या दोन्ही घराण्यांत नाही. फक्त कॅमेऱ्याची पिन जाड असल्यामुळे ती लावली की शेजारची दोन झाकली जातात. उद्या दुसरा हब. हबला हब जोडायचा. इतकं सोपं डोकं डेव्हिस का चालवत नसेल कोण जाणे.

१२ जानेवारी
सगळं टेबलावर जोडलं. रोसिली म्हणाली, इडिअप्पमच्या शेवया सांडल्यात का इथे? दुर्लक्ष केलं.

१५ जानेवारी
पौलोसबरोबर ट्रायल. अंगणातला फणस त्याला स्वच्छ दिसला. केवढा वाढला म्हणून तो रडला. मग मी माउस जोडला आणि फणस गेला. माउस काढला तरी फणस येईना. सगळं उपटून पहिल्यापासून जोडलं, तेव्हा आला.
धडा : माउसची गरज नाही. ट्रायल यशस्वी.

१८ जानेवारी
फर्मान काढलं. लग्न लागताना सगळ्यांचे मोबाईल बंद. माझं नेट त्यांच्यात वाटलं जायला नको. फादर खूश झाले, म्हणाले, लोनप्पन, मी वीस वर्षं हेच सांगतोय. रोसिली मात्र म्हणे, मी एक फोन चालू ठेवते, न जाणो. मी चिडलो. स्वतःच्या नवऱ्यावर एवढा अविश्वास? ती म्हणाली, अहो माणसा, तो पोरीचा बाप आहे. तुमची हौस पुरवायला नाही बसलेला तिकडे. बजावलं, त्या दिवशी तुझाही फोन बंद करून माझ्या खिशात.

२० जानेवारी, सकाळ
डोकं शांत आहे. वायरींना रंगीत चिकटपट्ट्या लावल्या आहेत. पौलोसने तिकडे नवा शर्ट घातलाय म्हणे, आणि शेजारच्या खोलीतली मंडळीही बोलावलीत. डेव्हिसला शिकायचं असेल तर आज बघून घे म्हणावं.

२० जानेवारी, दुपार, जेवणानंतर
जमलं! डेव्हिससुद्धा बघत राहिला.
अडचणी आल्या, नाही असं नाही. माइक हबवर घरघर करायला लागला. त्याला स्वतंत्र भोक हवं, म्हणून चार्जर काढला. बॅटरी पुरावी म्हणून पडद्याचा उजेड पार घालवला. त्याच वेळी पडद्याच्या वर एक बारीकसा दिवा आपोआप लागला. लाइव्ह चालू असल्याची खूण! किती विचार करून बनवतात लोक. मग मी त्या दिव्यावरची नजर हलवली नाही. हब तव्यासारखा तापला, प्लास्टिकचा वास सुटला, फुंकर घालून घालून डोळ्यांतून पाणी आलं. पण दिवा शेवटपर्यंत जळत होता.
बिर्याणी दोनदा घेतली. मान मिळाला की भूक लागते.

२० जानेवारी, संध्याकाळ
फोन चालू केला. पौलोसचे मिस्ड कॉल संपेचनात. कुटुंबाच्या ग्रुपवर दुबईच्या थोरल्या मेहुण्याने विचारलंय, लोनप्पनचं नाकात काय हरवलंय?
झालं ते असं. चार्जर काढताच हबचा जोर कमी झाला आणि बाहेरचा कॅमेरा बंद पडला. लॅपटॉपने स्वतःचा कॅमेरा सुरू केला. त्याचा तो दिवा. आवाज उत्तम गेला. फादरचा शब्द न् शब्द, जिस्मीचा होकारसुद्धा. चित्रात मात्र अख्खं लग्नभर मी.
यात माझी चूक अशी नाही. दिव्याने फसवलं. शिवाय दुकानदार. रोसिलीने तिचा फोन माझ्या खिशातून स्वतःच काढून घेतला.

२१ जानेवारी
पौलोसचा फोन आला. शिव्या ऐकायच्या तयारीने घेतला. शिव्या नाहीत. म्हणाला, अळिया, रेकॉर्डिंग पुन्हा लावून बसलोय. फादर मंगळसूत्राचं बोलतात, तिथे तुम्ही एकदम हसता. तेव्हा तिने काय केलं? मग खाली वाकता, डोळे पुसता. तेव्हा कशी दिसत होती ती? तुम्ही तर समोरच होतात. तुमच्या तोंडावरून मी अंदाज करतोय, पण नीट कळत नाही.
हसलो होतो तो दिवा अजून जळतोय म्हणून. वाकलो होतो ते हबवर फुंकर घालायला. पोरगी माझ्यापासून चार हातांवर उभी होती आणि मी मान वर करून एकदाही बघितलं नाही.
म्हटलं, हसत होती, पौलोस. मंगळसूत्र बांधताना डोळे मिटले होते तिने. मग उघडले आणि थेट कॅमेऱ्याकडे बघितलं. तुझ्याकडेच.
मग म्हणाला, लहानपणीही अशीच डोळे मिटायची. पुन्हा एकदा सांगा ना, अळिया.
पुन्हा सांगितलं. या खेपेला तिचे ओठही थोडे थरथरले.
फोन ठेवला तर रोसिली दारात. म्हणाली, एवढं सगळं बघितलंत कधी? मी म्हटलं, माणसाला नजर असावी लागते. डेव्हिसचा अल्बम महिन्याने येईल. त्यात ती वेगळी दिसली, तर त्याचा अँगल चुकला असं समजायचं. मला तर आता ती अगदी तशीच आठवते.