पितळी झाकण

नाशिक, दिवाळी पाडवा, १९३६. संध्याकाळ.

माझ्या जुन्या छोट्या मोटारीची डागडुजी मीच करतो. टाकीचं झाकण झिजलं, तेव्हा माप देऊन तांबटाकडून पितळेचं करून घेतलं. भांड्यावर घालतात तसं त्याने सवयीने त्यावर हिचं नाव घातलं, ‘यमुना’. किती हसलो होतो आम्ही!

गेल्या महिन्यात हिचा भाऊ मोटार मागून घेऊन गेला. “भाऊजी, झाकण वाटेत कुठंतरी पडलं हो.” दोन दिवस मी त्र्यंबकच्या रस्त्यावर शोधत फिरलो. मूर्ख!

आज पंचवटीत त्याने घेतलेली, माझ्या मोटारीच्याच बनावटीची जुनी मोटार पाहिली. टाकीवर तेच झाकण. नाव कानशीने घासलेलं, ‘ना’ तेवढा उरलाय. मागितलं असतं तर दिलं नसतं? आणि बहिणीचं नाव घासवलं तरी कसं त्याच्याच्यानं?

हिला सांगितलेलं नाही. उद्या भाऊबीज. त्याला ओवाळायचं तबक घासत बसलीय.