तुमचा ‘आज’

९ जून

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बसून वाच. कारखान्यामागच्या तळ्याचा गाळ काढताना हाडं सापडली, हे तुला मागे कळवलंच होतं. रक्ताच्या नात्याची तपासणी काही जमली नाही, हाडं फार भिजलेली. म्हणून चौकीने ती किती जुनी हे काढायला पाठवली, तो अहवाल आला. फौजदारांनी आम्हाला बोलावून वाचून दाखवला: ‘आजपूर्वी तीस वर्षे, अधिक-उणे पंचवीस.’ आई एवढंच म्हणाली, की आपला दादा जाऊनही तीसच झाली. कामावर म्हणून निघालेला आपला भाऊ इतकी वर्षं तळ्यातच होता गं.

आई पोटभर रडली आणि मग पोटभर जेवली. मागच्या दाराला आता ती कडी लावून झोपते. इतकी वर्षं लावू देत नव्हती.

अहवालावर तुमच्याच प्रयोगशाळेचा शिक्का आहे. काय हाडवैदीणबाई, सख्खा भाऊ हाताखालून गेला आणि तुम्हाला पत्ता नाही! महिनाअखेरीला आईने सही केली की हाडं ताब्यात मिळतील. तू ये.

पत्रापुरती तरी माया ठेवावी.
तुझी ताई

१२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी रडले आणि मग नमुना शोधायला गेले. आमच्याकडे हाडांना नावं नसतात, नंबर असतात. हा तुकडा मीच धुतला होता.

ताई, तो आपला दादा नाही.

माणूस जगतो तोवर खाण्यातून त्याच्या अंगात कार्बन जात राहतो. त्यातला एक प्रकार आपोआप झिजणारा. माणूस मेला की भरती बंद, मग उरलेला किती झिजला त्यावरून आम्ही काळ काढतो. पण ‘आजपूर्वी’ मधला आज आपला नव्हे. आमच्या शास्त्राने आज १९५० सालीच थांबवून ठेवलाय, आणि तिथून मागे मोजायचं. त्यानंतर अणुबॉम्बच्या चाचण्यांनी हवेतला हा कार्बन एवढा वाढला, की पुढे जन्मलेल्या प्रत्येकाच्या हाडात तो जादा सापडतो. तुझ्या, माझ्या, दादाच्याही. या हाडात तो औषधालाही नाही. हा माणूस आई जन्मायच्या आधीच गेलेला आहे.

अहवालाच्या तळटीपेत हे असतं. फौजदारांनी ती वाचली नसणार. तळटीपा वाचतं कोण?

आईला कसं सांगायचं ते तू सांग.

चूकभूल पोटात घाल, पण प्रेम कमी करू नकोस.
तुझी धाकटी

१५ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

काडी लाव तुमच्या त्या आजला. आई बाजारात जाते, शेजारी बसून गप्पा मारते. परवा रस्त्यात अगदी दादाच्या चणीचा एकजण गेला, तर तिने मान वळवली नाही. मरणाची बातमी माणसाला इतकी मानवते, हे मी पहिल्यांदाच बघतेय.

आणि मीही थकले गं. दादा आला की बघू, असं म्हणत या घरात सगळं अडून राहिलं, माझ्या लग्नासकट. तुला खोटं बोल म्हणत नाही, फक्त गप्प बस. झाकली मूठ झाकलेली राहू दे.

एवढं ऐकशील, असं गृहीत धरते.
तुझी ताई

१७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आईने सही केली की चौकी दादाची फाइल बंद करणार. मग उद्या तो कुठे सापडला, जिवंत किंवा कसाही, तरी आपल्याला कळवायला कुणी उरत नाही. तुझं ऐकून मी दोन दिवस गप्प बसून पाहिलं, नाही जमलं. आईला वेगळं पत्र घातलंय. तूच वाचून दाखव, तिला अक्षर लागत नाही.

शिव्या हव्या तेवढ्या घाल, अबोला धरू नकोस.
तुझी धाकटी

२३ जून

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

मी सांगतेय आणि ताई लिहून घेतेय. तिने तुझं पत्र वाचायला घेतलं आणि पहिल्याच ओळीला थांबली, तेव्हाच मला कळलं. तू चांगलं केलंस असं मी म्हणणार नाही. थोडे दिवस मी सुखात होते, ते गेले.

फौजदारांना सांगून आले, सही करणार नाही. बिचारा ओशाळला. त्या माणसाचं आता काय, असं विचारलं, तर म्हणाला बेवारस म्हणून पुरतील. त्याच्याही आईने कुणाकुणाला विचारलं असेल. ती आता नाही, हे एक बरं.

ताई तुझ्यावर रागावली आहे. हे वाक्य ती लिहीत नव्हती, मी लिहायला लावलं.

एक काम आहे. अहवाल आला त्याच आठवड्यात मी दादाचे कपडे देऊन टाकले. धुऊन, घडी घालून ठेवलेले होते सगळे. काल परत मागायला गेले, तर नेणारे गाव सोडून गेलेत. आता तो आला तर अंगावर चढवायला घरात एक शर्ट नाही. येताना एक घेऊन ये. दुकानदार माप विचारेल. मला ठाऊक आहे ते विशीतल्या पोराचं. पन्नाशीच्या माणसाचं तूच अंदाजाने घे.

तुझी आई