तांदळावर वॉरंटी नाही

मु. पो. जाम, ता. समुद्रपूर, जि. वर्धा
कोजागिरीनंतरचा मंगळवार

आदरणीय सदाशिवराव यांस,

जामच्या चौकातून भैय्याजीचा मनापासून नमस्कार. आम्ही इकडे सगळे (म्हणजे मी आणि तुमची बहीण, घरात आणखी उरलंय कोण) ठीक आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून सांगितलं आणि तुम्ही पुण्यात राहता तिसऱ्या मजल्यावर, तेव्हा सध्या तुम्ही वर आहात की खाली, ते कळवावं. वहिनींना नमस्कार. त्यांचं लिंबाचं लोणचं संपून महिना झाला. बरणी धुऊन ठेवली आहे, पण रिकामी बरणी परत करू नये असं शकुंतला म्हणते आणि भरायचं कशानं ते ठरत नाही, म्हणून ती इथेच आहे.

फोन असताना हा माणूस कागद कशाला काळे करतो, असं तुम्हाला वाटेल. फोनवर बोलायला लागलो की शकुंतला हातातलं काम टाकून शेजारी येऊन बसते. व्हॉट्सॲपचं तर नावच काढू नका. मागे तुमच्यासाठी लिहिलेला मजकूर चुकून कुटुंबाच्या ग्रुपवर गेला आणि आंजीच्या आत्याबाईंना कळलं की मी त्यांच्या जावयाला काय म्हणतो. त्या ग्रुपमध्ये पियुषही आहे, आणि हे पत्र पियुषबद्दल आहे. म्हणून कागद.

आमचं बापलेकाचं तुम्हाला ठाऊक आहेच, पण एकदा माझ्या तोंडून ऐका, कारण शकुंतलेच्या सांगण्यात मी नेहमी जरा जास्तच ओरडलेला असतो. तीन वर्षांपूर्वी पियुष कॉलेज संपवून घरी होता आणि दिवसभर आपल्या कॉम्प्युटरवर ट्रक चालवायचा खेळ खेळायचा. माझं दुकान ट्रकच्या स्पेअर पार्टचं. बाहेर हायवेवर खरे ट्रक उभे आणि आत माझा मुलगा काचेतला ट्रक हाकतोय, हे मला बघवेना. एके दिवशी दोन ड्रायव्हर आणि एक क्लीनर यांच्यासमोर मी त्याला म्हणालो, "डबड्यातले ट्रक हाकून राह्यला, अन् खऱ्या ट्रकचा नट वळखता येत नाई तुले. भंगारात देतो तो डबडा!" चौथ्या दिवशी पोरगा पुण्याला गेला. डबडा इथेच राहिला. त्यानंतर आमचं फोनवरचं बोलणं म्हणजे, जेवलास का, हो, आईकडे देतो. (कधी कधी त्याचं "हो" येण्याआधीच मी फोन दिलेला असे.)

गेल्या उन्हाळ्यात दुकानाची बिलं छापायला मी तो कॉम्प्युटर सुरू केला आणि बिलांऐवजी ट्रकच्या चित्रावर बोट पडलं. (पडलं म्हणजे मीच ठेवलं. तुमच्यापासून काय लपवायचं.) कुठल्याशा परदेशातला रस्ता होता, स्वच्छ, ओला, एकही म्हैस नाही. मी आपल्या सवयीनं हॉर्न वाजवत निघालो आणि उजव्या हाताला चालायचं हे न कळल्यामुळे पहिल्याच दिवशी सहा गाड्या आडव्या केल्या. तिसऱ्या दिवशी पडद्यावर अक्षरं उमटली, "बाबा, तुम्ही आहात का?" तो खेळ पियुषच्याच नावावर असल्यानं आपला ट्रक जामहून कोणीतरी पळवतंय हे त्याला पुण्यात बसून दिसत होतं. मी एका बोटानं "हो" लिहायला ह शोधत होतो, तेवढ्यात त्याचं दुसरं आलं, "हँडब्रेक काढा."

तेव्हापासून दर रविवारी चार वाजता, तुमच्याकडचं जेवण आटोपून तो खोलीवर गेला की, आम्ही दोघं निघायचो. तो पुढे, मी मागे, कानाला हेडफोन. दुकानाचं शटर मी अर्धं खाली ओढून ठेवायचो. ट्रकमध्ये बसलं की दोघांचीही तोंडं रस्त्याकडे असतात, त्यामुळे बरंच बोलून होतं. त्याला कावीळ झाली होती आणि तुम्ही उभयतांनी महिनाभर त्याला घरी ठेवून पथ्याचं करून घातलं, हे मला त्या ट्रकमध्येच कळलं. तुमचे आभार मानायचे राहून गेले होते, ते आज मानतो. आणि एकदा एका मोठ्या पुलावर मी त्याला म्हणालो, त्या दिवशी दुकानात मी बोललो ते चुकलंच. त्यानं पुढे ट्रकचा वेग थोडा कमी केला. मग म्हणाला, "बाबा, आता ओव्हरटेक नका करू, समोरून गाडी येऊन राह्यली." मी घाईनं ट्रक आत घेतला. समोरून काहीच आलं नाही, सदाशिवराव. तो विषय तिथे मिटला असं मी समजतो.

पोळ्याच्या सुमाराला त्या खेळाची नवी आवृत्ती आली आणि आमची वाट लागली. ट्रक दहा हात चालायचा आणि फोटोसारखा थांबायचा. पियुष पुढे निघून जायचा आणि मी टोलनाक्याच्या भिंतीत. त्यानं तपासून सांगितलं की मशीन नऊ वर्षं जुनं आहे, चित्राचं कार्ड त्यानं नंतर टाकलेलं आहे ते चालेल, पण मदरबोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही बदलावे लागतील, कारण जुन्या बोर्डावर नवा प्रोसेसर बसतच नाही. "दिवाळीत आलो तर करून देतो," म्हणाला. त्यातला "तर" मला लागला. मागच्या दोन्ही दिवाळ्यांना असाच "तर" होता आणि दोन्ही वेळा कंपनीत काम निघालं.

तेव्हा मी ठरवलं, आपणच करायचं. तीस वर्षं मी डिझेल इंजिनं उघडलेली पाहतोय, त्यातली निम्मी मी स्वतः उघडली आहेत (आणि पाच-सहा बंदही केली आहेत). वर्ध्याला जाऊन बोर्ड आणि प्रोसेसर आणला. घरी येऊन पाहतो तर दोघांचं गोत्र वेगळं. परत गेलो, प्रोसेसर बदलून आणला. मग कळलं की जुनी रॅम नव्या बोर्डात बसत नाही. पुन्हा वर्धा. एस.टी.चे कंडक्टर मला कॉम्प्युटरचा व्यापारी समजू लागले.

जुनं मशीन उघडलं तेव्हा आत काय नव्हतं! आमच्यासमोरून हंगामात कापसाच्या गाड्या जातात, त्यांचा उडालेला सगळा कापूस नऊ वर्षं त्या पंख्यानं ओढून आत साठवला होता. तो बाजूला केला आणि मी बघतच राहिलो. आतल्या वायरी एकीला एक लावून, प्रत्येक वळणावर दोऱ्यानं बांधलेल्या. एकही वायर दुसरीवरून गेलेली नाही. माझ्या दुकानात आठ नंबरचा बोल्ट शोधायला अर्धा तास लागतो, आणि या पोरानं सोळाव्या वर्षी, कोणाला दिसणारही नाही अशा जागी, असं काम करून ठेवलं होतं. मी त्याला डबडा म्हणालो होतो. स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन मी तसाच बसलो. शकुंतलेनं विचारलं, काय मोडलं? मी म्हणालो, काही नाही.

आता मुख्य प्रसंग. दसरा दोन दिवसांवर होता. आमच्याकडे दसऱ्याला दुकानातले जॅक, पाने, हातोडे सगळे पाटावर मांडून पुजतात आणि पुजल्याशिवाय नवी वस्तू वापरायची नाही, हे तुमच्या बहिणीनं या घरात आल्यापासून चालवलेलं आहे. त्यामुळे बोर्ड आणि प्रोसेसरही पाटावर आले. प्रोसेसर जिथे बसतो त्या चौकोनावर एक काळं प्लास्टिकचं झाकण असतं. ते मी काढलं. (नवी वस्तू देवापुढे प्लास्टिकसकट ठेवायची नाही, हा नियम माझा. तो माझ्याच अंगलट आला.) शकुंतलेनं जॅकला कुंकू लावलं, पान्याला लावलं, प्रोसेसरच्या चकचकीत पाठीला बोट लावलं आणि सगळ्यांवर मिळून अक्षता टाकल्या. अक्षता टाकताना तिचा हात सढळ आहे, ते आमच्या लग्नातच सगळ्यांनी पाहिलं होतं.

आरती झाली, सोनं वाटून झालं आणि मी चष्मा पुसून कामाला बसलो. प्रोसेसर चौकोनात ठेवला आणि वरची पट्टी दाबली. पट्टी बसेना. आमच्या धंद्यात हातानं बसत नाही ते जोरानं बसतं. मी अंगठा लावला. कट् असा बारीक आवाज आला आणि पट्टी बसली. मी समाधानानं शकुंतलेकडे पाहिलंसुद्धा. मग बटण दाबलं. पंखे फिरले, बोर्डावर एक लाल दिवा लागला, पडदा काळाच. तो दिवा मी ब्रेक लाइट समजून अर्धा तास वाट पाहिली.

दुसऱ्या दिवशी वर्ध्याच्या दुकानदारानं प्रोसेसर उचलला, आत भिंग धरलं, ते पुसून पुन्हा धरलं. मग म्हणाला, "काका, याच्यात तांदूळ हाय." त्या चौकोनात केसाहून बारीक अशा हजारभर पिना उभ्या असतात, तिथे कुंकवानं माखलेला एक दाणा आडवा पडला होता आणि मी त्यावर अंगठा दिला होता. अकरा पिना झोपल्या. मी वॉरंटीचा कागद पुढे केला. त्यानं तो आदरानं परत दिला आणि सांगितलं की तांदळावर वॉरंटी नाही. मग त्यानं शेजारच्या तीन दुकानदारांना बोलावून तो दाणा दाखवला. एकानं फोटो काढला. मी दर्शन देऊन बाहेर आलो.

घरी शकुंतलेला काही बोललो नाही. ती देवापुढे हात जोडून मशीन चालू दे म्हणत होती, तिला कसं सांगणार की तिच्याच दाण्यानं ते अडवलंय? (तिनं ते कुठून तरी काढलंच. दोन दिवस भात केला नाही.) शेवटी मला पुंडलिकराव आठवले. वर्ध्यात त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं लहानसं दुकान आहे. वय पंच्याहत्तर, पण हात भिंतीसारखा स्थिर. त्यांनी डोळ्याला भिंग अडकवलं, चिमटा घेतला आणि मला श्वास हळू घ्यायला सांगितलं. अडीच तास लागले. प्रत्येक पिन उभी करताना ते विचारायचे, "हे कायची हाय?" आणि मी ठोकून द्यायचो, ही ब्रेकची, ही डिझेलची. अकरावी उभी झाली तेव्हा त्यांनी भिंग काढून डोळे पुसले आणि विचारलं, एवढं कोणासाठी? मी म्हणालो, पोराच्या मागं ट्रक चालवतो. त्यांनी हसून मजुरी घेतली नाही.

बोर्ड घरी आणून मी पुन्हा बसवला. आज मशीन बंद आहे. पोळ्यापासून एकही रविवार झालेला नाही. मी हे सगळं करून ठेवलंय हे पियुषला सांगायची मला लाज वाटते. तो विचारतो, "मशीन कसं हाय?" मी म्हणतो ठीक, आणि फोन आईकडे देतो. झालं, पुन्हा पहिल्यासारखं. शकुंतला म्हणते, फोनवरच बोला ना मोकळं. फोनवर समोर रस्ता नसतो, सदाशिवराव. नुसतंच बोलावं लागतं, आणि ते मला जमत नाही. तेव्हा तुम्ही मामाच्या अधिकारानं त्याला सांगा की बापानं मशीनची वाट लावली आहे, त्याच्याशिवाय कोणाला ते जमणार नाही, आणि दिवाळीला त्यानं यावंच.

वहिनींना पुन्हा नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा.

आपला,
भैय्याजी

ता. क. हे मी लिहायला सांगितलं असं म्हणू नका. तुम्हालाच काळजी वाटते असं दाखवा. आवाज थोडा पडका ठेवला तर बरं.

ता. क. २. वर "मशीन बंद आहे" असं लिहिलं, ते खोटं नाही. पण तुम्ही वडीलधारे, तुम्हाला अर्धवट सांगून झोप लागणार नाही. पुंडलिकरावांनी पिना सरळ केल्या त्याच संध्याकाळी मशीन पहिल्या बटणाला सुरू झालं. ट्रक काय पळतो, काय सांगू! एकही झटका नाही. मी एकटाच त्या मोठ्या पुलापर्यंत जाऊन आलो. परत येताना लक्षात आलं की आता त्याला दिवाळीला यायचं कारणच उरलं नाही. रविवार पडद्यावर होतील, पण तो दारात कधी उभा राहील? म्हणून मी एक वायर काढून ठेवली आहे. कोणती ते लिहीत नाही. त्याला शोधू दे. शकुंतलेला यातलं काही ठाऊक नाही.

ता. क. ३. दादा, मी शकुंतला. यायनं पाकीट चिकटवाले मलेच देलं, मंग मी वाचलं. यायले वाटते मले काई मालूम नाई. एका वायरीचं काम पियुष अर्ध्या घंट्यात करते अन् दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं वापस जाते. म्हणून मी आखीन दोन काढल्या. थ्या कुठं ठेवल्या थे भाऊबीजेच्या दिवशी सांगीन.